उघडे राहिलेले पत्र

आपल्या माळव्यातील जुन्या मराठी घरांत पत्राविषयी एक अलिखित नियम असे. पत्र ज्याच्या नावाचे, त्यानेच ते प्रथम उघडावे. घरातील कर्ते गृहस्थ परगावी गेलेले असले, तर त्यांच्या नावाचा लिफाफा कोनाड्यात आठ-आठ दिवस तसाच पडून राही. येता-जाता सर्वांची नजर त्यावर जाई, हात मात्र कोणाचा जात नसे. लिफाफ्याचे एक वेळ ठीक. त्याला निदान डिंक तरी होता. पोस्टकार्डाला तोही नव्हता. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड या देशात सुरू झाले आणि पुढे शंभर वर्षे आपल्या लोकांनी त्या उघड्या तुकड्यावर मुलीचे लग्न ठरल्यापासून घरातले माणूस गेल्यापर्यंत सर्व काही लिहिले. पोस्टमन, शेजारी, वाड्यातील बिऱ्हाडकरू, कोणालाही ते वाचता आले असते. तरीही लोक लिहीत राहिले. वाचता येणे आणि वाचणे यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, आणि सभ्य मनुष्य तो ओलांडत नाही, असा सर्वांचा विश्वास होता.

हा नियम आम्हांस लहानपणापासून पाठ होता. पुढे राज्य शासनाच्या सेवेत तीन तपे काढली, तेव्हा त्यावर सरकारी शिक्काही बसला. गोपनीय पत्र दुहेरी लिफाफ्यातून येई. बाहेरील लिफाफ्यावर केवळ पदनाम, आतील लिफाफ्यावर 'गोपनीय' ही अक्षरे आणि लाखेची मोहोर. आवक शाखेच्या लिपिकाने बाहेरील लिफाफा फोडावा आणि आतील लिफाफा जसाच्या तसा अधिकाऱ्यापुढे ठेवावा, अशी पद्धत होती. आतील लिफाफा 'चुकून' फोडणाऱ्या एका लिपिकास आम्ही लेखी ताकीद दिल्याचेही स्मरते. अशा आम्ही, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, दुसऱ्याचे पत्र वाचले. हा लेख त्याविषयी आहे.

निवृत्तीनंतर इतिहास विषयात एम. ए. करावे ही जुनी इच्छा होती. एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण येथे सांगावयाचा दोष आमचा आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी नानाखेड्याच्या घरातून डबा घेऊन निघावे, बसस्थानकावर बस धरावी आणि संध्याकाळी परतावे, असा क्रम सुरू झाला. प्रवेश घेताच विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्यास दिला तसा आम्हांसही ईमेलचा पत्ता दिला. आधी आमचे नाव, मध्ये ते वेटोळे चिन्ह आणि पुढे विद्यापीठाचे नाव. व्याख्यानांची टिपणे, परीक्षेचे वेळापत्रक, शुल्काच्या सूचना, सर्व त्याच पत्त्यावर येई. पदनाम गेलेल्या माणसाच्या नावापुढे पुन्हा एखादी संस्था लागणे किती सुखाचे असते, हे निवृत्तांनाच कळेल. पहिले काही दिवस आम्ही ती पत्रपेटी कारण नसतानाही उघडून पाहत होतो.

ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी संगणकांची एक रांग होती. मार्गशीर्षातील एका दुपारी त्यांपैकी एका संगणकापुढे आम्ही बसलो, तो पडद्यावर एक पत्र उघडे होते. आमच्याच वर्गातील, खेड्यातून आलेल्या एका मुलाने ते एका अध्यापकांना लिहावयास घेतले होते आणि काही कामासाठी तो घाईने उठून गेला असावा. पहिली ओळ आमच्या डोळ्यांनी वाचली. ती वाचताच हे पत्र आमचे नव्हे, हे आम्हांस कळले. त्यापुढील ओळी आम्ही वाचल्या.

वडिलांच्या आजारपणात घरातील सर्व शिल्लक गेली होती. शुल्काचा दुसरा हप्ता भरणे शक्य नव्हते, म्हणून तो शिक्षण सोडणार होता. वर्गात कोणासही हे सांगू नये, अशी त्याने अध्यापकांना विनंती केली होती. शेवटचे वाक्य अर्धे होते. ते वाचून झाल्यावर आम्हांस सभ्यतेची आठवण झाली. आम्ही 'लॉग आउट'वर बोट ठेवले आणि पडदा कोरा केला. तोच तो धापा टाकीत आला. "अंकल, मेरा कुछ खुला रह गया था क्या?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "नहीं बेटा, बंद था।"

एवढीच घटना. तिच्यात चोरी नाही, मारामारी नाही, कोणाचा एक पैसाही गेलेला नाही. तथापि गेली तीन वर्षे ती आम्हांस स्वस्थ बसू देत नाही, म्हणून तिचा थोडा विचार करू.

आधी ही पत्रपेटी कशी असते ते पाहू. टपालाचे पत्र आपल्या घरी येते आणि मग ते आपल्या घरातच राहते. आपल्या देशात १९८६ मध्ये शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट'चे काम सुरू झाले आणि मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आय. आय. टी. यांच्यामध्ये ईमेलची देवघेव होऊ लागली. ती मोजक्या तज्ज्ञांपुरती होती. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले आणि वेबच्या पानावर पत्रे पाहण्याची सोय सर्वसामान्यांना झाली. पुढे विद्यापीठांनीही हीच पद्धत स्वीकारली. या पद्धतीत पत्र आपल्या घरी येतच नाही. ते संस्थेच्या मुख्य संगणकात, म्हणजे सर्व्हरवर, राहते आणि आपण जगात कोठूनही खिडकीतून डोकावून ते वाचतो. ज्याच्याजवळ स्वतःचा संगणक नाही अशा गरीब विद्यार्थ्यास ही मोठीच सोय होती. तो खेड्यातील मुलगा अध्यापकांना पत्र लिहू शकत होता, तो याच सोयीमुळे.

परंतु प्रत्येक वेळी परवलीचा शब्द विचारत बसणे सर्व्हरला परवडत नाही. एकदा तो शब्द बरोबर जुळला, की सर्व्हर त्या संगणकाला एक अदृश्य बिल्ला देऊन ठेवतो. बिल्ला परत करीपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत त्या संगणकापुढे जो बसेल, तो सर्व्हरच्या लेखी तोच मनुष्य. थोडक्यात, यंत्र माणसाला ओळखत नाही, खुर्चीला ओळखते. आम्हां सरकारी नोकरांना यात नवल वाटू नये. शासनही खुर्चीलाच ओळखते. मात्र कार्यालयातील खुर्चीवर येणारी डाक त्या खुर्चीच्याच नावाची असते. त्या दुपारचे पत्र एका माणसाने दुसऱ्या माणसास लिहिलेले होते.

स्वतःच्या बचावासाठी आम्ही बरेच दिवस युक्तिवाद केले. पहिला असा, की आम्ही कुलूप तोडले नाही, कोणाचा परवलीचा शब्द चोरला नाही. पत्र उघडेच होते. याचे उत्तर पोस्टकार्डाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ज्या वस्तूला कुलूप नाही, तिच्यावर आपल्या सभ्यतेचाच काय तो पहारा असतो. कुलूप असते तेव्हा आमच्या प्रामाणिकपणाची परीक्षाच होत नाही. ती त्या दुपारी झाली आणि आम्ही नापास झालो.

दुसरा युक्तिवाद अधिक सरकारी होता. पत्रपेटी मुळात विद्यापीठाची. ती अभ्यासाच्या कामासाठी दिलेली. तेथील तंत्रज्ञाने मनात आणले, तर तो ती उघडू शकतो. मग अशा ठिकाणी खाजगीपण ते कसले? येथे 'उघडू शकतो' आणि 'उघडण्याचा अधिकार आहे' या दोहोंची गल्लत होते. टपाल खात्यातील प्रत्येक माणसाच्या हातून लिफाफे जात होते, म्हणूनच तर १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याने पत्र फोडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यास कैदेची शिक्षा सांगितली होती. आणि समजा, संस्थेला काही प्रसंगी तसा अधिकार असलाच, तरी तो आमच्यासारख्या शेजारच्या विद्यार्थ्याकडे कोणत्या मार्गाने आला? कायदा पाहू गेल्यास तोही आमच्या बाजूचा नाही. संगणक यंत्रणेत विनाअनुमती प्रवेश करणे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यास मान्य नाही, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. पण ज्या गुन्ह्याची फिर्याद होण्याची शक्यता नाही, त्याचा निकाल माणसाने स्वतःच द्यावयाचा असतो. म्हणून कायद्याची नस्ती येथेच बंद करू.

आपल्या उज्जैनला या प्रश्नावर फार जुना विचार झालेला आहे. कालिदास समारोह येथे १९५८ पासून भरतो आणि आपल्यापैकी अनेकांनी तेथे 'विक्रमोर्वशीय' पाहिले असेल. त्याच्या दुसऱ्या अंकात उर्वशी भूर्जपत्रावर आपले मनोगत लिहून पुरूरव्याकडे टाकते. बोटांच्या घामाने अक्षरे पुसतील म्हणून राजा ते विदूषकाजवळ सांभाळावयास देतो. विदूषकाचे लक्ष उर्वशीकडे लागते आणि पत्र त्याच्या हातून केव्हा निसटते, हे त्यासही कळत नाही. आजच्या भाषेत, विदूषक लॉग आउट करावयास विसरतो. वाऱ्यावर उडालेले ते पत्र येऊन अडकते नेमके राणीच्या नूपुरात.

त्यानंतर राणी जे करते ते ध्यानात घेण्याजोगे आहे. ती दासीस सांगते, की तू आधी पाहा. ऐकण्यात काही गैर नसेल तर मी ऐकेन. आम्ही हे नाटक अनेकदा पाहिले, परंतु राणीचे हे बोलणे आमच्या कानांवरून नुसते गेले होते. आता कळते, की उंबरठ्यावर ती क्षणभर थांबली होती. तेवढेही आम्हांस जमले नाही. पुढे पत्र ऐकून ती जळते, हे खरे. तथापि ती ते लपवून ठेवीत नाही. राजा पत्र शोधीत असता ती सरळ त्याच्यापुढे जाते आणि हे घ्या आपले भूर्जपत्र, असे म्हणते. खोटे बोलतो तो राजा. आपण दुसरेच काही शोधीत होतो, अशी तो सारवासारव करतो. कालिदासाच्या नाटकात पत्राचा धनी खोटे बोलला आणि वाचणारीने खरे सांगितले. आमच्या प्रसंगात पत्राचा धनी सरळ प्रश्न विचारीत होता आणि वाचणारा खोटे बोलला.

येथवर विचार आल्यावर आम्हांस वाटू लागले, की वाचणे हा आमचा लहान अपराध असून 'बंद था' हा मोठा. वाचण्यात मोह होता. क्षण-दोन क्षणांत घडून गेलेली ती गोष्ट. 'बंद था' म्हणताना मात्र आम्ही पूर्ण शुद्धीवर होतो. त्या मुलाने आम्हांस सुटकेची वाट दाखविली होती. "होय बाळ, उघडे होते, आणि मी ते वाचले, मला क्षमा कर," एवढे म्हणणे पुरेसे होते. त्याऐवजी आम्ही आमची पांढरी मिशी वाचविली.

आता या प्रकरणातील सर्वांत कठीण प्रश्न. जे ज्ञान अयोग्य मार्गाने मिळाले, त्याचे पुढे काय करावयाचे? ते मिळालेच नाही असे वागावे, की त्यानुसार कर्तव्य करावे?

याचाही एक दाखला आपल्या माळव्याच्या वाटेवरच घडलेला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची लढाई झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौजेनिशी उत्तरेकडे येत होते. भाऊसाहेबांची वार्ता कळत नव्हती. अशात एका सावकाराचा कासीद पेशव्यांच्या लोकांना सापडला आणि त्याच्याजवळचे पत्र फोडले गेले. पत्र व्यापाऱ्याचे, व्यापाऱ्याला लिहिलेले. वाटेत पत्रे फोडली जातात हे सावकारांना ठाऊक होते, म्हणून मजकूर सांकेतिक होता. मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला त्याचा हिशेब नाही, अशा अर्थाची ती भाषा. पेशव्यांना अर्थ कळावयास वेळ लागला नाही. विश्वासराव आणि भाऊ गेले होते. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत; २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

ते पत्र फोडणे योग्य होते काय, असे कोणी आजवर विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. एक लाख घरांचे दैव ज्या वार्तेवर टांगलेले, ती एका सावकाराच्या लखोट्यात बंद ठेवा, असे कोण म्हणेल? तो वाद आम्ही घालीत नाही. आम्हांस जे जाणवते ते एवढेच, की ते पत्र वाचल्यावर पेशव्यांना न वाचलेला मनुष्य होणे शक्य नव्हते. पत्र परक्याचे होते, पण दुःख त्यांचे झाले. वाचलेले परत मिटवून ठेवता येते. कळलेले परत करता येत नाही.

आमचे तसेच झाले. शुल्काची मुदत संपावयास पंधरा दिवस उरले होते आणि ही गोष्ट त्या मुलाच्या खालोखाल आम्हांस ठाऊक होती. निवृत्तिवेतनातून तो हप्ता भरणे आम्हांस जड नव्हते. परंतु भरावयाचा कसा? अध्यापकांकडे जावे, तर तुम्हांस कसे कळले, हा प्रश्न पहिला येणार. निनावी भरावा, तर पावती त्याच्याच ईमेलवर जाणार आणि त्यास ती दुपार आठवणार. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत पडणे मर्यादेला धरून नाही, असे आम्ही स्वतःला सांगत राहिलो. पंधरा दिवस संपले. जानेवारीत वर्ग सुरू झाले तेव्हा त्याचा बाक रिकामा होता.

तेव्हा आम्हांस आमची मर्यादा म्हणजे काय होती, ते दिसले. पत्र वाचताना जी मर्यादा आम्हांस आठवली नव्हती, ती मदत करण्याच्या वेळी कशी आठवली? मर्यादेच्या पडद्याआड आमची भीती उभी होती. इतकी वर्षे साहेब म्हणून वावरलेल्या माणसास ग्रंथालयात पत्रे वाचणारा म्हणतील, ही ती भीती.

कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, की गप्प राहण्यातही दया असू शकते. आपले दारिद्र्य वर्गमित्रास कळले, हे ऐकून त्या मुलास अधिक लाज वाटली असती. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. काही पत्रे अशी असतात, की ती वाचली गेल्याचे सांगणे हा दुसरा घाव ठरतो. मात्र येथे एक कसोटी लावता येते. आपल्या मौनाने कोणाची लाज झाकली जाते? त्याची झाकली जात असेल, तर ती दया. आपली झाकली जात असेल, तर तो भित्रेपणा. आणि ज्याने स्वतः येऊन विचारले, त्याच्यापुरता प्रश्न सुटलेलाच होता. त्यास जाणून घ्यावयाचे होते. त्याने कदाचित आमचे पैसे नाकारलेही असते. पण नाकारणे हा त्याचा अधिकार होता, आणि तो वापरण्याची संधीही आम्ही त्यास दिली नाही.

म्हणून आमचे मत असे झाले आहे, की अयोग्य मार्गाने मिळालेले ज्ञान माणसावर दोन ऋणे ठेवते. पहिले ऋण ज्याचे पत्र वाचले त्याचे. ते कबुलीने फिटते. दुसरे ऋण पत्रातील दुःखाचे; ते कृतीने फिटते. पहिले चुकविल्यावाचून दुसरे चुकविता येत नाही, हा या व्यवहारातील नियम आम्ही फार उशिरा शिकलो.

अंतिम परीक्षेच्या आधी आम्ही त्या मुलास पत्र लिहिले. त्याचा दुसरा पत्ता आमच्याजवळ नव्हता, म्हणून विद्यापीठाच्याच पत्त्यावर. घडले ते सर्व लिहिले, काही मागितले नाही. त्याच्या पुढील शिक्षणास हातभार लावू दिला तर आम्हांस बरे वाटेल, एवढे मात्र लिहिले. खाली नानाखेड्याच्या घराचा टपालाचा पत्ता दिला. पत्र गेल्याचे पडद्याने सांगितले. निकालानंतर, प्रवेशाच्या वेळी सांगितलेल्या नियमाप्रमाणे, आमची पत्रपेटी बंद झाली. आम्ही एकदा जुना परवलीचा शब्द टाकून पाहिला. त्या दाराने आम्हांस ओळखले नाही. त्याची पेटी तर त्याहून आधीच बंद झाली असेल. त्याने आमचे पत्र वाचले काय, उत्तर लिहिले काय, आणि लिहिले असल्यास ते बंद पेटीत पडून आहे काय, हे आम्हांस कळावयास मार्ग नाही. वर्गातील मुलांकडून त्याचा दूरध्वनी क्रमांक मिळविता आला असता. ज्याने आपला ठावठिकाणा आपणहून दिला नाही, त्याच्या मागे पुन्हा आडवाटेने जाऊ नये, असे आम्हांस वाटले. यातही थोडा जुना भित्रेपणा उरला असेल. ते नाकारीत नाही.

दुपारी पोस्टमनची सायकल गल्लीत वाजली, की आम्ही अजून बाहेर डोकावतो. वीजबिल येते, बँकेचे कागद येतात. ज्या पत्राची वाट पाहतो ते येत नाही, आणि ते आलेच पाहिजे असा आमचा हक्कही नाही. सरकारी कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. क्षमेचे पत्र जावक वहीत नोंदवावे आणि वही मिटावी.